निप्पलची नोंदवही

काम: अंगावर पिणाऱ्या लेकरासाठी बाटलीचं निप्पल निवडणे
ठिकाण: लातूर
मुदत: २४ फेब्रुवारी २०२५ च्या आत

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

चिऊ आज नव्वद दिवसांची झाली. जन्मल्यापासून ती फक्त अंगावर पिते. पाण्याचा थेंब नाही, वरचं दूध नाही.

लातूरहून एसटीनं पाऊण तासावर असलेल्या एका महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवते. तास घेतला तर पैसे, नाही घेतला तर नाही. प्रसूतिलाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर बाळंतपणाची भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली. माझ्या नेमणुकीच्या कागदावर मात्र रजा हा शब्दच नाही. २४ तारखेला रुजू झाले नाही तर तास दुसऱ्याला जातील, असा निरोप आलाय. तेव्हा चिऊ सोळा आठवड्यांची असेल.

सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेतीन मी घरात नसेन. त्या सहा तासांत तिला माझंच दूध मिळावं आणि संध्याकाळी मी आले की तिनं पूर्वीसारखंच अंगावर प्यावं, एवढ्यासाठी ही वही. प्रयोगाची वही लिहायची सवय आहे, म्हणून याही कामाची लिहिते.

५ फेब्रुवारी, बुधवार

बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन आले. त्यांचं म्हणणं सरळ होतं: काढलेलं दूध पाजायचं तर वाटी-चमचा आधी, बाटली शेवटी. बाटली आणि निप्पल नीट धुतलं जात नाही, कोपऱ्यात दूध राहतं, उन्हाळ्यात ते लवकर नासतं आणि मग हगवण लागते. ते खरंच आहे. आपल्याकडे बाटल्यांच्या आणि बाळदुधाच्या जाहिरातीवर बंदी घालणारा कायदा १९९२ साली आला आणि २००३ मध्ये तो आणखी कडक झाला, तो उगाच नाही.

म्हणून आधी तेच करून पाहिलं. आत्यांनी (माझ्या सासूबाई) फडताळातून चांदीचं बोंडलं (लेकराला दूध पाजायचं चोचीचं भांडं) काढलं. यांच्या लहानपणी त्यानंच पाजलेलं. चिऊनं जीभ बाहेर काढून प्यायचा प्रयत्नही छान केला. पण आत्यांचे हात थरथरतात. तीस मिली दुधातलं निम्मं तिच्या गळपट्टीत गेलं. ते तीस मिली काढायला मला वीस मिनिटं लागली होती. सांडलेलं बघून आत्यांचेच डोळे भरून आले. त्यांना रोज दोन-तीनदा या परीक्षेला बसवायचं नाही, असं मी आणि यांनी ठरवलं.

तर बाटली. पण थोड्या महिन्यांसाठी, आणि फक्त माझ्या गैरहजेरीत.

८ फेब्रुवारी, शनिवार

गंजगोलाईच्या बाजारात जाऊन पाच प्रकारची निप्पलं आणली. दुकानदार दर वेळी विचारायचा, "वय किती?" आणि वयाप्रमाणे पाकीट पुढे करायचा. तोंड कसं उघडते, किती वेगानं पिते, हे कुणी विचारलं नाही.

कंपन्यांची नावं या वहीत लिहिणार नाही. एकतर बाटलीचा प्रचार माझ्या हातून व्हायला नको. दुसरं म्हणजे माझ्या लेकीला जमलेलं निप्पल दुसरीच्या लेकराला जमेलच असं नाही, आणि नाव वाचलं की लोक नावच विकत घेतात. तर अक्षरं:

क: रुंद तोंडाच्या बाटलीचं. बूड घुमटासारखं, त्यावर एकदम उभं राहिलेलं छोटं टोक. पाकिटावर आईच्या स्तनासारखं असल्याचा दावा.

ख: अरुंद तोंडाच्या साध्या बाटलीचं. टोकापासून बुडापर्यंत सावकाश रुंद होत जाणारं, गाजरासारखं. सगळ्यांत स्वस्त सिलिकॉनचं हेच.

ग: एका बाजूनं चपटं, दात-जबड्यासाठी म्हणून विकलं जाणारं. याला वर-खाली बाजू असते, उलटं धरून चालत नाही.

घ: पिवळसर रबराचं. पाकीट नाही, बरणीतून काढून दिलेलं.

च: लांबट, अगदी मऊ सिलिकॉन, अतिमंद धार लिहिलेलं.

घ ला रबराचा उग्र वास आहे. रबर वारंवार उकळून चिकट होतं, फुगतं, आणि काही लेकरांना त्याची ॲलर्जीही असते. ज्याला पाकीट नाही, आयएसआयची खूण नाही, ते तोंडात द्यायचंच नाही. मोजणीपुरतं ठेवलं.

९ फेब्रुवारी, रविवार

यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. बोअरच्या मोटारी जळाल्या की तांब्याची तार बसवायची, म्हणून तार मोजायचं स्क्रू गेज आणि व्हर्नियर घरातच. दुपारभर आम्ही दोघं निप्पलं मोजत बसलो.

टोकाची जाडी सगळ्यांची थोड्याफार फरकानं सारखीच भरली. फरक आहे तो टोकापासून खाली जाताना. क मध्ये टोक संपतं आणि लगेच घुमट सुरू होतो, मध्ये पायरी पडते. ख मध्ये पायरी नाही, उतार आहे.

हा फरक का महत्त्वाचा, ते स्वतःच्या अनुभवावरून सांगते. चिऊ नीट लागते तेव्हा तिचं तोंड जांभई दिल्यासारखं उघडं असतं, दोन्ही ओठ बाहेर वळलेले असतात, आणि बोंडीच नव्हे तर भोवतालचा काळसर भागही तिच्या तोंडात असतो. पहिल्या आठवड्यात ती नुसती बोंडी धरायची तेव्हा मला चिरा पडल्या होत्या. पायरी असलेल्या निप्पलवर ओठ पायरीपाशी अडणार आणि ती टोकच चोखायला शिकणार. तीच सवय घेऊन संध्याकाळी माझ्याकडे आली तर चिरा परत.

म्हणजे पाकिटावर ज्याला स्तनासारखं म्हटलंय, ते दिसायला स्तनासारखं आहे. तोंडात गेल्यावर स्तनाचा आकार तसा राहत नाही. तो लांबतो, जवळजवळ मऊ टाळूच्या कडेपर्यंत जातो. निप्पल निवडताना बाहेरून दिसणारा घुमट बघायचाच नाही. लेकराचे ओठ कुठे टेकतील, ते बघायचं.

१० फेब्रुवारी, सोमवार

आजचा दिवस धारेचा.

पाकिटांवर "मंद", "१", "० ते ३ महिने" असं काय काय छापलेलं आहे. मंद म्हणजे किती, याचं सगळ्या कंपन्यांना लागू असं माप नाही. एकीचं मंद दुसरीच्या मध्यमपेक्षा जोरात असू शकतं. परदेशात अभ्यासकांनी पंप लावून निप्पलांची धार मोजली, तेव्हा एकाच लेबलखाली मोठी तफावत निघाली. मीही पंपच वापरायचं ठरवलं.

आधी सगळे करतात ती चाचणी: बाटली उलटी धरून थेंब मोजले. घ मधून धारच लागली. ख मधून टिपटिप. क, ग आणि च मधून जवळजवळ काहीच नाही. इथंच थांबले असते तर क ला मंद समजून मोकळी झाले असते.

मग खरी चाचणी. माझा हातानं दाबायचा दूधपंप आहे. त्याच्या नरसाळ्यात निप्पल बसवलं, बुडाच्या फटी यांच्या दुकानातल्या रबरी रिंगांनी बंद केल्या. बाटलीत उकळून गार केलेलं पाणी. सेकंदाला एक असा तीस वेळा पंप दाबला आणि खाली किती मिली जमलं ते पाहिलं. प्रत्येकाचं तीनदा, सरासरी लिहिते.

क: २१ मिली
ख: १२ मिली
ग: २६ मिली
घ: ४८ मिली
च: ७ मिली

उलटं धरल्यावर गप्प बसणारं क, ओढल्यावर ख च्या पावणेदोन पट देतं. कारण साधं आहे. उलट्या बाटलीतून थेंब पडायला बाहेरची हवा आत शिरावी लागते. निप्पलच्या कडेची हवेची झडप घट्ट असेल, भोक फुलीसारखं चिरलेलं असेल, तर पृष्ठताणच थेंब धरून ठेवतो. लेकरू तोंडात पोकळी तयार करून ओढतं तेव्हा ही अडचण बरीचशी संपते, आणि मग मुख्यतः भोकाचा आकार बोलतो.

आणखी एक. ख चं पाकीट दोघांचं होतं. दुसऱ्याचं मोजलं तर १५ मिली भरलं. एकाच पाकिटातली दोन भावंडं, तरी चौथाई फरक. पहिल्याच्या बुडाला बॉलपेननं खूण केली. तेच वापरायचं.

पाणी दुधाहून पातळ, आणि माझा हात म्हणजे चिऊचं तोंड नव्हे. पण कुणाच्या पुढे कोण, हा क्रम तरी कळला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ख नं पहिला प्रयत्न. मीच मांडीवर घेऊन दिलं. चिऊनं निप्पल जिभेनं ढकललं, माझ्या पदराकडे तोंड वळवलं आणि रडायला लागली. बरोबरच आहे. आईचा वास येतोय आणि तोंडात प्लास्टिक देताय.

पुढच्या वेळी मी घरात असायचं नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी मी शेजारी जाऊन बसले. आत्यांनी क दिलं, कारण ते पाहुण्यांनी फार वाखाणलं होतं. खिडकीतून ऐकत होते. आधी शांतता, मग घटघट आवाज, मग ठसका, मग मोठ्यानं रडणं.

आत्यांनी जे पाहिलं ते तसंच लिहून घेतलं: तोंडाच्या कोपऱ्यातून दूध गळत होतं, डोळे मोठे केले, कपाळाला आठ्या, हाताची बोटं ताठ पसरली, पाय मागे ताणले. ही सगळी "फार जोरात येतंय" अशी खूण आहे. तीन महिन्यांच्या जिवाला चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा ताल सांभाळायचा असतो. धार मोठी झाली की श्वास बाजूला ठेवून ती गिळत राहते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, किती भूक होती हिला!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज आत्यांनी जे सांगितलं, ते या वहीतलं मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. जशाच्या तसं:

"पोरी, गाय पान्हवल्याबिगर धार लागती का? वासरू आधी ढुसण्या देतंय, चाटतंय, तवा कुठं दूध उतरतंय. तुझी बाटली तोंडात धरली की भळाभळा. लेकरू भिऊलालं गं ते."

मी अंगावर घेते तेव्हा चिऊ आधी भरभर, उथळ चोखते. साधारण मिनिटभरानं पान्हा फुटतो, मग तिचं चोखणं लांब आणि सावकाश होतं, गिळल्याचा आवाज येतो. थोड्या वेळानं धार कमी होते, ती थांबते, माझ्याकडे बघते, परत सुरू करते. धार चढते, उतरते, थांबते. बाटलीत चढ-उतार नाही. पहिल्या चोखण्यापासून शेवटच्यापर्यंत एकच धार.

मी निप्पलात पान्हा शोधत होते. तो बाटली धरणाऱ्या हातात असायला हवा.

१४ ते १७ फेब्रुवारी

पाजायची रीत ठरवली. आत्यांना दोनदा करून दाखवली, नंतर त्यांनीच माझ्यात सुधारणा केल्या.

लेकराला आडवं घ्यायचं नाही, मांडीवर बऱ्यापैकी बसतं धरायचं, मानेला हाताचा आधार. फार भुकेजून रडायच्या आधी द्यायचं, कारण चिडलेलं लेकरू नवं काही शिकत नाही. निप्पल वरच्या ओठाला लावायचं आणि थांबायचं. तोंड मोठं उघडलं की मग आत. कोंबायचं नाही. ओठ उतारावर खालपर्यंत यायला हवेत आणि बाहेर वळायला हवेत. पहिलं अर्धं मिनिट बाटली खाली झुकती ठेवायची, नुसतं चोखू द्यायचं (आत्या याला "ढुसण्या" म्हणतात). मग बाटली जमिनीला समांतर आणायची, टोकात दूध येईल एवढीच. पाच-सहा घोटांनी पुन्हा झुकवायची, निप्पल तोंडातच ठेवून. निम्मं झालं की ढेकर काढायचा आणि कूस बदलायची, आपण स्तन बदलतो तसं. तोंड फिरवलं की संपलं. उरलेलं दूध संपवायचा आग्रह नाही.

या रीतीनं ख दिलं, च दिलं, एकदा ग दिलं.

च बद्दल माझी मोठी आशा होती. सगळ्यांत मंद ते सगळ्यांत चांगलं, असं मी धरून चालले होते. पण अर्ध्या तासात ३५ मिली, आणि चिऊ दमून निप्पल तोंडात ठेवूनच झोपली. तासाभरानं भुकेनं उठली. मधेमधे निप्पल आत चेपत होतं. फार मंदही चालत नाही.

ग वर ओठ नीट बसले, पण धार जास्त, आणि तोंडात फिरलं की चपटी बाजू भलतीकडे. आत्यांना प्रत्येक वेळी चष्मा लावून बाजू बघावी लागली. बाद.

ख वर १६ तारखेला ४० मिली, १७ ला ६५ मिली, अठरा मिनिटांत. बोटं सैल, कपाळ सपाट, गळती नाही. संध्याकाळी अंगावर नेहमीसारखी लागली, मला दुखलं नाही. या शेवटच्या वाक्यासाठी मी पंधरा दिवस जीव टांगणीला लावला होता.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

ठरलं: ख, खूण केलेलं.

दूध किती ठेवायचं, याचा हिशेब: एक ते सहा महिन्यांच्या अंगावरच्या लेकराला दिवसाला साधारण ७५० ते ८०० मिली लागतं. तासाला ३० ते ३३ मिली धरलं तर सहा तासांना १८० ते २०० च्या आसपास. म्हणून ६० मिलीचे तीन वाटे वेगवेगळ्या झाकणाच्या भांड्यांत. मोठी बाटली भरून ठेवली की उरलेलं टाकावं लागतं, आणि उष्टं दूध परत ठेवायचं नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

एक घोळ. काल आणि आज ख चेपून बसत होतं, चिऊ चिडत होती. वाटलं, निप्पल बिघडलं. यांनी हातात घेतलं आणि म्हणाले, "रिंग किती आवळली आहेस!" निप्पलच्या कडेला हवेची बारीक झडप असते. रिंग गच्च आवळली की ती दबते, आत हवा जात नाही, पोकळी तयार होते आणि निप्पल चिकटतं. पाव फेरा सैल केली, बाटलीत बारीक बुडबुडे दिसायला लागले. बुडबुडे दिसले म्हणजे हवा जातेय, हे आत्यांनाही दाखवलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पहिला दिवस. एसटीत खिडकीशी बसून मी काय काय विचार केला, ते लिहीत नाही.

कॉलेजात दूध काढायला जागा नव्हती. विभागप्रमुख मॅडमनी काही न विचारता प्रयोगशाळेच्या भांडाराची किल्ली दिली आणि दारावर "आत येऊ नये" असा कागद लावला. प्रसूतिलाभाच्या कायद्यात लेकरू पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन वेळा पाजण्यासाठी सुटी घ्यायचा हक्क लिहिलेला आहे. तासिका तत्त्वावरच्या बाईला तो कागद कुणी दाखवत नाही. मला किल्ली मिळाली, पण तो हक्क किल्ली देणाऱ्याच्या चांगुलपणावर अवलंबून असू नये.

दोनदा काढलं, ११० मिली. बर्फाच्या पिशव्यांसह थर्मासच्या डब्यात.

घरी: ५५, ६०, ३०. आल्यावर अंगावर अर्धा तास.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र, सुटी. सिद्धेश्वराची जत्रा लांबूनच पाहिली. दिवसभर अंगावर. बाटली धुऊन वाळत.

४ मार्च, मंगळवार

दोन दिवस चिऊ बाटली तोंडात घेते, एक घोट घेते आणि तोंड वाकडं करून सोडते. आत्या काकुळतीला आल्या. मी पहिला संशय निप्पलवर घेतला, नवं आणायला निघालेही होते.

मग शांतपणे वही मागे चाळली. काल आणि आज दिलेलं दूध शनिवारी काढून फ्रीजमध्ये ठेवलेलं होतं. त्याआधीचं सगळं आदल्या दिवशीचं. झाकण उघडून वास घेतला: साबणासारखा. नासलेला आंबूस नव्हे, साबणाचा. आईच्या दुधात लायपेज नावाचं विकर असतं, ते स्निग्ध पदार्थ फोडतं. काहींच्या दुधात त्याचा परिणाम लवकर जाणवतो. दूध खराब झालेलं नसतं, पण चव बदलते, आणि काही लेकरं ते घेत नाहीत.

त्याच निप्पलनं आज सकाळचं ताजं दूध दिलं. साठ मिली संपलं.

६ मार्च, गुरुवार

फ्रीजमध्ये दूध चार दिवस टिकतं, हे बरोबर. माझ्या दुधाला मात्र दीड दिवसाची मर्यादा. सोमवारसाठीचं दूध साठवण्याआधी पातेल्यात कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंत तापवून लगेच गार करायचं, उकळी येऊ द्यायची नाही. तापवण्यानं थोडे गुण कमी होतात, म्हणून फक्त तेवढ्याच दुधाला. एकदा वास आल्यावर तापवून उपयोग नाही, तो जात नाही.

द्यायच्या आधी गरम करताना भांडं गरम पाण्यात ठेवायचं. मायक्रोवेव्हमध्ये नाही, कारण ते एकीकडे पोळतं आणि एकीकडे गार राहतं.

१७ मार्च, सोमवार

पाजायला पंधरा-अठराऐवजी पंचवीस मिनिटं लागायला लागली. पंपाची चाचणी परत केली: ख आता ९ मिली. १२ चं ९ झालं.

भिंग लावून पाहिलं तर भोकाच्या कडेला पांढरी पापडी. आपलं बोअरचं पाणी! उकळायच्या पातेल्याच्या तळाशी जो क्षार बसतो, तोच निप्पलच्या भोकात बसलाय. आमच्या गल्लीत सगळ्यांच्या गिझरची कॉइल याच पाण्यानं जाते. अर्धा लिंबू पिळलेल्या कोमट पाण्यात तासभर ठेवलं, बोटांत चोळलं, परत मोजलं: १२. सुई घालून भोक साफ करायचं नाही, हे मात्र इथं ठळक लिहिते. सुईनं भोक मोठं होतं, आणि मग धार कितीची झाली ते कुणालाच कळत नाही.

आजपासून निप्पल उकळायला फिल्टरचं पाणी. आधी साबणाच्या पाण्यात उलटंपालटं करून धुणं, मग बुडेल एवढ्या पाण्यात दहा मिनिटं उकळणं, मग स्वच्छ फडक्यावर झाकून वाळवणं.

३० मार्च, रविवार

गुढीपाडवा. घरात पाहुणे. ऊन सकाळीच चटकायला लागलं. मोठ्या मामी म्हणाल्या, "लेकराचा घसा सुकतो, बाटलीत दोन घोट पाणी दे." बाटली घरात आहे म्हटल्यावर तिच्यात काहीतरी घालावंसं सगळ्यांना वाटतं, हाही बाटलीचा एक तोटा.

मी सांगितलं की सहा महिन्यांपर्यंत पाणी नाही, वैशाखातही नाही. आईच्या दुधात जवळजवळ ८८ टक्के पाणीच असतं. पाण्यानं पोट भरलं की दूध कमी जातं, आणि पाण्यातून जंतू जायचा धोका वेगळाच. ऊन वाढलं तर जास्त वेळा पाजायचं आणि दिवसातून सहा तरी लंगोट ओले होतात का, ते बघायचं. मामींना पटलं की नाही, ठाऊक नाही. आत्यांना पटलं होतं, त्या म्हणाल्या, "पाणी तिच्या मायला द्या की, ते उतरतंय दुधात." त्यावर विषय संपला. मला तांब्याभर पाणी प्यावं लागलं.

९ एप्रिल, बुधवार

दुपारची बस तापलेल्या तव्यासारखी. काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं, असं जे सांगतात ते पंचवीस अंशांच्या आसपासच्या खोलीचं. चाळीस अंशांच्या लातुरात तो हिशेब मी धरत नाही. डब्यात बर्फ विरघळलेला दिसला तर दूध टाकायचं, असा नियम केलाय. आज टाकलं. ९५ मिली. मोरीत ओतताना हात थांबला होता.

दुकानात गेले होते तेव्हा दुकानदार म्हणाला, "पाच महिने झाले की, आता दोन नंबरचं न्या." नाही नेलं. बाटलीच्या निप्पलचा नंबर वयाप्रमाणे वाढतो, माझा पान्हा काही वयाप्रमाणे नंबर बदलत नाही. चिऊ पंधरा-वीस मिनिटांत समाधानानं पितेय, संध्याकाळी अंगावर लागतेय. मग धार वाढवायची कशाला? वाढवली असती तर दोन आठवड्यांत तिला माझीच धार कमी वाटायला लागली असती, आणि दूध पुरत नाही म्हणून मी रडत बसले असते. माझ्या एका सहकारी मैत्रिणीचं असंच झालं होतं. तेव्हा कुणाच्या लक्षातच आलं नाही की बदललं होतं ते निप्पल.

२२ एप्रिल, मंगळवार

चिऊ हिरड्यांनी सगळं चावतेय. ख च्या उतारावर बारीक चीर दिसली, ताणून बघितल्यावरच. दोन महिने झाले होतेच. टाकलं. ताणून बघणं रोजचं असायला हवं होतं, चिरलेला तुकडा घशात जाऊ शकतो.

नवं पाकीट, तीच कंपनी, तेच लेबल. मोजलं: १७ आणि १३. तेरावालं घेतलं.

६ मे, मंगळवार

काल सहा महिने पूर्ण. परीक्षा सुरू आहेत, तास संपलेत, दिवसाला दोनच तास बाहेर असते.

आज आत्यांनी मुगाचं वरण कुस्करून दोन चमचे भरवलं, आणि मग बोंडलं पुढे केलं. चिऊ आता बसवल्यावर बसते, दोन्ही हातांनी भांडं धरते, त्यामुळे आत्यांचा हात थरथरला तरी तिचा धरलेला असतो. वीस मिलीतलं पाच सांडलं. बाकीचं गेलं.

"पिऊलाली की गं!" आत्या ओरडल्या.

बाटली उकळून वरच्या फळीवर ठेवली, ती मोजमापाला प्रयोगशाळेत उपयोगी पडेल. ख ची उरलेली निप्पलं कात्रीनं कापून केरात टाकली, कुणी उचलून दुसऱ्या लेकराला लावू नयेत म्हणून.